भिलाई : दवाखान्याच्या आधीचं आरोग्य

भिलाईचं नाव काढलं की आपल्याकडच्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक रेल्वेचे रूळ आणि दुसरी रशियन इंजिनिअर. दोन्ही बरोबर आहेत. पण दुर्ग-भिलाई भागात एन.सी.सी.मध्ये पी.आय. स्टाफ म्हणून काढलेल्या तीन वर्षांत मला या शहराचा आणखी एक इतिहास कळत गेला. तो आरोग्याचा आहे. कोण आजारी पडतं, कोण लवकर म्हातारं होतं, कुणाचं मूल जुलाबाने जातं आणि कुणाचं नाही, हे इथे भट्टीपासून तुम्ही किती अंतरावर राहता आणि तुमचं नाव कुठल्या हजेरीपटावर आहे यावर ठरत आलं आहे. हा इतिहास आपल्या फौजी मंडळींना लवकर समजेल, कारण आपल्या फौजेनेही हा धडा फार माणसं गमावून शिकलेला आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

फौजेचा धडा

१८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची संख्या बरीच वाढवण्यात आली. हे शिपाई लढाईत जेवढे मरत, त्याच्या कितीतरी पटीने बराकीत मरत. ताप, हगवण, पटकी आणि यकृताचे आजार ही कारणं. १८५९ मध्ये या प्रश्नावर शाही आयोग नेमला गेला आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी ६९ निघालं. म्हणजे लढाई नसतानाही दर पंधरा माणसांत एक माणूस दरवर्षी जायचा. या कामामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. त्या स्वतः हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. त्यांनी इथल्या प्रत्येक छावणीला छापील प्रश्नावली पाठवली. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, बराकीत माणशी जागा किती, दारू किती खपते, संडास कसे आहेत, असे प्रश्न त्यात होते. उत्तरं आली ती वाचून त्यांना कळलं की औषधाच्या बाटलीने हा प्रश्न सुटणारा नाही.

उपाय साधे होते. विहीर संडासापासून लांब हवी, गटार बांधलेलं हवं, बराक उंच आणि हवेशीर हवी, शिपायाला दारूऐवजी करायला काही काम आणि करमणूक हवी. दहा वर्षांनी नाइटिंगेल यांनी हिशेब मांडला तेव्हा तो ६९ चा आकडा १८ वर आला होता. लक्षात घ्या, तोपर्यंत रोगजंतूंचा सिद्धान्त पुरता रुजलेला नव्हता. डास आणि मलेरियाचा संबंध तर सिकंदराबादला रोनाल्ड रॉस या फौजी डॉक्टरने १८९७ मध्ये दाखवला. रोगाचं नेमकं कारण माहीत नसतानाही राहण्याची तऱ्हा सुधारली आणि माणसं वाचली.

आपण भरती झालो तेव्हापासून हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, त्यामुळे त्याचं काही वाटत नाही. संध्याकाळी रोलकॉलनंतर बाह्या खाली. मच्छरदाणी लावली की नाही हे बघायला हवालदार फिरणार. एक्सरसाइजला गेलो की तंबू लागायच्या आधी लॅट्रिनची जागा ठरणार, पाण्याच्या वरच्या अंगाला कधीच नाही. पाण्यात किती ब्लीचिंग पावडर घालायची ते हॉरॉक्सच्या डब्यात तपासायचं. सहा पांढरे कप, एक काळा कप, अर्धा तास थांबायचं आणि कुठल्या कपापासून निळा रंग धरतो ते बघायचं. किती जवानांनी कंटाळत ही ड्यूटी केली असेल! पण तिच्यामुळे किती जण एम.आय. रूमला गेलेच नाहीत, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र खटकणारी आहे. छावणीच्या हद्दीबाहेरची वस्ती या सुधारणांतून बहुतेक वगळली गेली. १८६४ च्या छावणी कायद्याने हद्दीतली सफाई चोख झाली. हद्दीबाहेर लोक त्याच डबक्याचं पाणी पीत राहिले. आपल्या नागपूरजवळच्या कामठीसारख्या जुन्या छावण्यांच्या कडेने फिरलं की ही रेषा अजूनही कुठे कुठे दिसते. भिलाईत अशीच रेषा मला पुन्हा भेटली, फक्त ती फौजेने आखलेली नव्हती.

सेक्टर आणि बाकी सगळं

छत्तीसगड शंभरावर वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. १८५४ नंतर ते इंग्रजांकडे गेलं आणि पुढे मध्य प्रांतात आलं. दुर्गच्या बाजूला भिलाई नावाचं एक साधं भातशेतीचं गाव होतं. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि या गावाचं नशीब बदललं. आसपासच्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली. सुरुवातीची क्षमता वर्षाला दहा लाख टनांची होती.

कारखान्याबरोबरच टाउनशिप उभी राहिली. तिचे सेक्टर आखलेले, रस्ते सरळ आणि रुंद, दुतर्फा झाडं. प्रत्येक घराला नळ, संडास, वीज. सेक्टरमध्ये शाळा, बाजार, खेळाचं मैदान. सेक्टर ९ मध्ये मोठं इस्पितळ. पन्नास-साठच्या दशकात आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार आणि आपल्या विदर्भातूनही लोक इथे आले. कालपर्यंत ज्यांच्या घरी नदीवरून पाणी येत होतं, त्यांच्या पोरांनी इथे तोटी सोडून पाणी प्यायलं. त्या पिढीतली बरीच वृद्ध मराठी माणसं मला भेटली. त्यातल्या एका निवृत्त फोरमनने साध्या शब्दांत सांगितलं, "आमच्या गावाकडे प्रत्येक घरात एखादं पोर गेलेलं असायचं. इथे आमच्या लाइनीत तसं ऐकायला मिळालं नाही." एवढी मोठी गोष्ट कुठल्याही औषधाने झाली नव्हती. पाणी, पगार, पक्कं घर आणि शाळा या चार गोष्टींनी ती केली होती.

पण कारखाना फक्त पगारी कायम कामगारांवर चालला नाही. माल उतरवणं, राख काढणं, खोदकाम, बांधकाम यासाठी ठेकेदाराचे मजूर लागत. त्यातले बरेचसे इथलेच छत्तीसगडी, ज्यांच्या जमिनी किंवा शेजारच्या गावांच्या जमिनी गेल्या होत्या ते. टाउनशिपच्या भोवती खुर्सीपार, छावनी, कॅम्प अशा वस्त्या दाटत गेल्या. जोनाथन पॅरी नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९९३ पासून अनेक वर्षं भिलाईत राहून याचा अभ्यास केला. त्यांच्या पुस्तकात 'नौकरी' आणि 'काम' या लोकांच्याच दोन शब्दांवर बराच भर आहे. ज्याला कायम सरकारी जागा आहे तो नौकरीवाला. बाकी सगळे काम करतात. भट्टी एकच असली तरी दोघांची आयुष्यं वेगळी.

भट्टीच्या आतही जागेजागेत फरक असतो. पोलादासाठी कोळसा भाजून कोक करावा लागतो, त्याला कोक ओव्हन म्हणतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कामगारांची पाहणी करून १९७१ मध्ये विल्यम लॉइड यांनी दाखवलं की ओव्हनच्या माथ्यावर पाच वर्षांहून जास्त काळ पूर्णवेळ काम केलेल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ दहापट होता. त्याच कारखान्यात बाजूला किंवा लांब काम करणाऱ्यांना तो खूप कमी होता. गाव एक, कंपनी एक, खाणंपिणंही साधारण सारखंच. फरक फक्त आठ तास कुठे उभं राहायचं याचा होता.

भिलाईच्या याच कोक ओव्हनमध्ये साठच्या दशकात एक बंगाली तरुण काम करत होता. त्याचं नाव शंकर गुहा नियोगी.

दल्ली-राजहराच्या झोपड्या

भिलाईची भट्टी ज्या लोहखनिजावर चालत आली ते दल्ली-राजहराच्या खाणींतून येतं. भिलाईपासून दक्षिणेला सुमारे नव्वद किलोमीटर. आज हा भाग बालोद जिल्ह्यात आहे. दुर्गहून पॅसेंजर गाडी जाते. मी दोनदा गेलो. स्टेशन जवळ येताच माती लाल होत जाते आणि मग घरांच्या भिंती, झाडांची पानं, माणसांचे कपडे, सगळ्यावर तोच रंग बसलेला दिसतो.

सत्तरच्या दशकात इथे कायम कामगारांना टाउनशिप होती आणि हाताने दगड फोडणारे, ट्रक भरणारे हजारो ठेका मजूर बांबू-मातीच्या झोपड्यांत राहत. त्यात बायकाही मोठ्या संख्येने होत्या. दिवसभर राबून हातात तीन-चार रुपये. नियोगी कारखान्यातून काढले गेले, गावोगाव फिरले, दानीटोलाच्या क्वार्ट्झाइट खाणीत मजूर म्हणून राहिले आणि आणीबाणीत तुरुंगात गेले. सुटून आल्यावर १९७७ मध्ये या ठेका मजुरांनी त्यांना बोलावलं आणि 'छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ' उभा राहिला.

त्यांच्या पहिल्या मागण्या काय होत्या बघा. काम नसेल त्या दिवसाची काही मजुरी आणि पावसाळ्याआधी झोपडी शाकारण्यासाठी, म्हणजे बांबू-बल्लीसाठी, शंभर रुपये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शंभर रुपयांसाठी एवढं मोठं आंदोलन, असं वाटलं. मग मी माझ्या घराचा विचार केला. छप्पर गळतं तेव्हा चूल विझते, सरपण ओलं होतं, जमीन ओली होते, त्या ओल्या जमिनीवर तान्हं पोर झोपतं. श्रावणात पोराला खोकला झाला की त्याची सुरुवात वैशाखात न शाकारलेल्या छपरापासून असते. ती मागणी मजुरीच्या खात्यात लिहिलेली होती, पण खरं म्हणजे ती आरोग्याची होती. त्या बायकांना हे नक्की ठाऊक असणार.

२ आणि ३ जून १९७७ ला तिथे गोळीबार झाला. अकरा जण गेले, त्यांत एक बाई आणि एक लहान मुलगाही होता. मी वर्दीतला माणूस आहे, गोळी कुणी का चालवली याच्या तपशिलात इथे जात नाही. पण त्या अकरा नावांचं पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं आहे.

मजुरी वाढली आणि दारूही

आंदोलनानंतर मजुरी वाढली. काही पटींनी वाढली. वाटेल की आता तब्येती सुधारल्या असतील. झालं उलटं. वाढलेल्या पैशाचा मोठा वाटा दारूच्या दुकानात जाऊ लागला. घरात धान्य तेवढंच, मारहाण जास्त. संघाने हे ओळखलं आणि दारूबंदीची मोहीम काढली. कायदा नव्हता, पोलीस नव्हते. वस्तीवस्तीत सभा, शपथा, शेजाऱ्यांचा आणि मुख्यतः बायकांचा दबाव. हजारो मजुरांनी दारू सोडली. दुकानांचा धंदा बसला, तेव्हा संघाचे शत्रूही वाढले.

आपल्या मराठी वाचकांना यावरून शेजारचा गडचिरोली आठवेल. दल्लीच्या पलीकडचं जंगल ओलांडलं की तोच मुलूख लागतो. तिथेही लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. डॉ. अभय आणि राणी बंग त्या कामात होते. योगायोग असा की गडचिरोलीला जाण्याआधी डॉ. अभय बंग यांनी महाराष्ट्रातल्या रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब तपासला होता. मजुराला किती कॅलरी लागतात आणि ठरवलेल्या मजुरीत त्या बसतात का, हे त्यांनी मांडलं. डॉक्टर माणूस मजुरीचा हिशेब का करतो, हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला भिलाईचा इतिहास समजला असं मी म्हणेन.

पैसा आला म्हणून आरोग्य येतंच असं नाही आणि पैशाशिवायही ते येत नाही. फौजेला हे माहीत होतं. नाइटिंगेल यांच्या प्रश्नावलीत पाण्याच्या शेजारीच दारूचा प्रश्न होता.

शहीद अस्पताल

संघाची उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात गेली. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. हजारो मजुरांची नेता असूनही तिला हे मिळालं नाही, तर साध्या मजुरिणीचं काय, असा सवाल सगळ्यांच्या मनात आला. त्यातून मजुरांनी ठरवलं की आपलं इस्पितळ आपणच बांधू.

१९८२ मध्ये संघाच्या जागेत छोटा दवाखाना सुरू झाला. डॉ. बिनायक सेन, डॉ. आशिष कुंडू, डॉ. शैबाल जाना, डॉ. पुण्यव्रत गुण असे तरुण डॉक्टर त्या काळात इथे येऊन राहिले. इमारतीसाठी मजुरांनी वर्गणी काढली आणि श्रमदान केलं. शिफ्ट संपली की वीट-वाळू उचलायला यायचं. ३ जून १९८३ ला, गोळीबाराला सहा वर्षं झाली त्या दिवशी, 'शहीद अस्पताल' सुरू झालं. उद्घाटनाला मंत्री नव्हता. एक वयोवृद्ध खाण मजूर आणि एक वयोवृद्ध शेतकरी यांच्या हातून ते झालं. सुरुवातीला पंधरा खाटा होत्या, पुढे त्या शंभरावर गेल्या.

मी गेलो तेव्हा ओ.पी.डी.ची रांग बाहेर पायऱ्यांपर्यंत होती. बस्तरकडच्या दूरच्या गावांतून आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती. खाजगी दवाखान्याचा चकचकाट काही नव्हता. पण मला महत्त्वाचं वाटलं ते इथलं जुनं शिकवणं. मजुरांच्याच पोरा-पोरींना आरोग्य कार्यकर्ता म्हणून तयार केलं गेलं. जुलाब झाले तर पहिल्यांदा मीठ-साखर-पाणी, बाटली नंतर. अंगात अशक्तपणा वाटला म्हणून लाल टॉनिक आणि सुई घेणं म्हणजे मजुरी वाया घालवणं, हे वस्तीत जाऊन सांगितलं गेलं. नियोगींच्या संघटनेचं घोषवाक्य 'संघर्ष और निर्माण' असं होतं. इस्पितळ त्यातल्या निर्माणाच्या खात्यात बसतं.

याला जगाच्या इतिहासात एक जुना दाखला आहे. १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ व्हिर्चो या सव्वीस वर्षांच्या डॉक्टरला अप्पर सायलेशियात टायफसच्या साथीची पाहणी करायला पाठवलं. तो भागही पुढे कोळसा आणि लोखंडासाठी नावाजला. परत येऊन व्हिर्चोने औषधांची यादी दिली नाही. लोकांना त्यांच्या भाषेत शिक्षण द्या, रस्ते करा, शेती सुधारा, करांचा बोजा कमी करा, कारभारात त्यांना वाटा द्या, असं लिहिलं. सरकारला ते रुचलं नाही. व्हिर्चोला आज पेशीविज्ञानाचा मोठा शास्त्रज्ञ म्हणून जग ओळखतं, पण सायलेशियाचा त्याचा अहवाल आणि दल्ली-राजहराच्या मजुरांनी केलेलं काम शेजारी ठेवलं तर दोघं एकाच निष्कर्षाला आलेले दिसतात.

१९९० पासून नियोगींनी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतल्या ठेका मजुरांत काम सुरू केलं. जगण्यापुरतं वेतन, कायमपणा, सुरक्षेची साधनं या मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीत झोपेत असताना खिडकीतून गोळी घालून त्यांचा खून झाला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली, बाकीचे आरोपी सुटले. १ जुलै १९९२ ला भिलाई पॉवरहाउस स्टेशनवर रूळ अडवून बसलेल्या मजुरांवर गोळीबार झाला आणि किमान सोळा मजूर गेले. त्या स्टेशनावरून मी कितीदा तरी गाडी पकडली. तिथे फलाटावर उभं राहिलं की कारखान्याची धुराडी दिसतात.

गॅस रँक बघत नाही, डास सेक्टर बघत नाही

टाउनशिपला आपण सुरक्षित आहोत असं वाटत असेल तर त्यालाही मर्यादा आहे. १२ जून २०१४ ला कारखान्यात पंप हाउसमध्ये पाण्याचा दाब कमी झाला आणि झोतभट्टीचा गॅस उलट आला. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही, रंग नाही. सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाप्रबंधक होते. ९ ऑक्टोबर २०१८ ला कोक ओव्हनच्या गॅस पाइपलाइनच्या दुर्घटनेत दहाहून अधिक जणांचा जीव गेला.

त्याच २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली. मी तेव्हा तिथेच होतो. खुर्सीपार, छावनी या भागांत सगळ्यात जास्त हाहाकार होता, पण सेक्टरही सुटले नाहीत. डेंग्यूचा डास घाण पाण्यात वाढत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वस्तीत नळाला ठरावीक वेळ पाणी, म्हणून प्रत्येक दारात ड्रम आणि टाकी. सेक्टरमध्ये उन्हाळा संपला तरी खिडकीत उभा राहिलेला डेझर्ट कूलर, तळाशी चार बोटं पाणी. आमच्या कॅडेट्सना घेऊन आम्ही घरोघर कूलर रिकामे करायला सांगत फिरलो. एका घरातली बाई म्हणाली, "सर, पाणी ओतून टाकू, पण उद्या नळ नाही आला तर तुम्ही आणून देणार का?" तिच्या प्रश्नाला आमच्या पत्रकात उत्तर नव्हतं. पाणी रोज आणि पुरेसं आलं असतं तर त्या ड्रमची गरजच नव्हती. डासाला मारायला धूर फवारतात, तो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. नळाची वेळ मात्र तशीच राहते.

नौकरीवाल्याचं दुखणं

पॅरी यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मला अनपेक्षित वाटली. भिलाईत आत्महत्या वाढत गेल्या आणि त्यांत सुस्थितीतल्या, कायम नोकरीच्या घरांतलं प्रमाण जास्त दिसलं. ज्यांच्याकडे घर, पगार, इस्पितळ सगळं होतं अशी घरं. कारण त्यांनी असं मांडलं की ऐंशीच्या दशकात साठ हजारांवर असलेली कायम कामगारांची संख्या पुढे निम्म्यावर आली. बापाला मिळालेली नोकरी पोराला मिळेना. शिकून बसलेला मुलगा, त्याच्याकडून असलेली अपेक्षा, आणि खाली घसरण्याची भीती या घरांत राहायला आली. ठेका मजुराच्या घरात गरिबी होती, पण पोराने अमुक व्हावं असं ओझं तितकं नव्हतं.

लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांची पाहणी झाली. सगळे पगारी, सगळे ऑफिसात बसणारे, कुणीही उपाशी नाही. तरीही सगळ्यात खालच्या पायरीवरच्यांचा मृत्युदर वरच्यांच्या साधारण तिप्पट निघाला. पायरी उतरेल तसं आयुष्य कमी होत गेलं. म्हणजे पोट भरल्यावरही माणसाची तब्येत त्याच्या हातात किती सत्ता आहे आणि उद्याची किती खात्री आहे यावर अवलंबून राहते.

आपल्या माजी सैनिकांना हे सांगायला नको. सर्व्हिसमध्ये मेडिकल बोर्ड 'शेप' लावतं, त्यात पहिलं अक्षर मनाचंच आहे. पण पेन्शन आल्यावर दोन वर्षांत किती चांगली माणसं ढासळताना पाहिली आहेत आपण. काल ज्याच्या शब्दावर तीस जवान हलायचे, तो आज बँकेच्या दारात गार्ड म्हणून बसतो आणि घरी पोराच्या भरतीची वाट बघतो. साखर, बी.पी. मागोमाग येतात. २००३ पासून ई.सी.एच.एस. आहे, गोळ्या मिळतात, ही मोठी सोय आहे. पण गोळी ज्या गोष्टीवर चालत नाही ती गोष्ट घरात आणि गावातच सोडवावी लागते. असा कुणी ओळखीतला असेल तर त्याला फोन करा, भेटा, एकटं पडू देऊ नका. पलटणीत आपण सोबत्याला एकटं सोडत नव्हतो.

आपल्या गावाचा हॉरॉक्स डबा

छत्तीसगडने आणखी एक गोष्ट देशाला दिली. २००२ मध्ये इथे गावोगाव 'मितानिन' सुरू झाली. मितान म्हणजे जिवाभावाचा मित्र, मितानिन म्हणजे तशी सखी. गावानेच निवडलेली बाई, जी बाळंतिणीकडे जाते, ताप आलेल्या पोराकडे जाते आणि हँडपंप बिघडला तर पंचायतीशी भांडतेही. २००५ मध्ये देशभर जी 'आशा' आली, तिच्यामागे हा अनुभव होता. दल्लीच्या आरोग्य कार्यकर्त्या आणि मितानिन एकाच मातीतल्या आहेत.

आपल्यातले बहुतेक जण आता गावाकडे आहेत किंवा लवकरच जातील. गावात फौजी माणसाचा शब्द अजून थोडाफार मानतात. मी गावी आल्यावर काही मोठं केलं नाही. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर कोण, किती आणि कशावरून ठरवून टाकतो, एवढं विचारलं. उत्तर मिळालं, "अंदाजाने, सर." मग टाकी शेवटची कधी धुतली ते विचारलं. तेव्हा सरपंच हसले आणि पुढच्या आठवड्यात टाकी धुतली गेली. आता आशाताई आणि मी महिन्यातून एकदा पाण्यातला क्लोरीन तपासतो. त्यासाठी लागणारं साधं किट स्वस्त असतं.

एवढंच प्रत्येकाने आपापल्या गावात करून बघावं. टाकी कधी धुतली, गटार विहिरीपासून किती लांब, शाळेत मुलींसाठी संडासात पाणी आहे का, गावात दारू कुठे मिळते आणि मजुरी किती मिळते. नाइटिंगेल यांनी दीडशेवर वर्षांपूर्वी छावण्यांना विचारलेले प्रश्न यापेक्षा फार वेगळे नव्हते. उत्तरं मिळाली तर मला जरूर कळवा, पुढच्या लेखात मांडीन.

जय हिंद.